गोड न लागलेली साखर

नारपोली, मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६

संध्याकाळी बाबांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळलं. साखर उतरली असणार म्हणून चमचाभर साखर तोंडात घातली, तर थुंकलेच.

"वाळू हाय ही! गोड न्हाय लागत."

नंतर कळलं, डायबेटिसच्या गोळ्यांबरोबर ते गुपचूप गुडमार या साखर उतरवणाऱ्या वेलीची पानं चघळत होते. त्यानं जिभेला गोड कळेनासं झालेलं.

"बाबा, साखरच आहे, गिळा हो!" मी अक्षरशः रडले. शेवटी त्यांनी गिळली.

दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणि पानं मिळून साखर फार खाली गेली. थुंकतच राहिले असते तर?

घरी आल्यावर मी चिडले, "मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर खाऊ दिली असतीस?"

नसती दिली. मग आता आणखी काय लपवतील?