बुवांच्या कंपनीची पहिली रेकॉर्ड

ती. ताईंना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (तुमच्या गुडघ्यांची अवस्था मला माहीत आहे, त्यामुळे आशीर्वाद वाकून देऊ नये, बसल्या जागेवरून दिला तरी मला पोहोचेल.) गुडघ्याला नवीन तेलाचा काही गुण आला का? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? माझी प्रकृती उत्तम आहे. तुम्ही दर फोनला "जेवलात का" विचारता आणि मी "हो" म्हणतो, त्यावर तुम्ही गप्प होता, म्हणजे तुम्हाला ते पटलेलं नसतं. पण ते खरं आहे. वरण-भात मला जमतो. एकदा मीठ दोनदा पडलं, पण त्या दिवशीही जेवलो. फोनवर मला याहून जास्त बोलता येत नाही. तुमची धाकटी बहीण म्हणायची, यांचा फोन म्हणजे तार, शब्दाला दर लावल्यासारखा. म्हणून हे पत्र. मनावरचं एक मोठं ओझं उतरलं आहे आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

धाकटीचा रेकॉर्डींचा नाद तुम्हाला ठाऊक आहे, पण त्यातलं आतलं तुम्हाला तिने सांगितलं असेल असं वाटत नाही, कारण तुम्ही एकदा त्या संगीताला "भांड्यांचं कपाट पडलं का" असं म्हणाला होतात. तर ट्रम्पेट वाजवणारे एक गृहस्थ होते. (आहेत. ते पुढे येईल.) जाझ कोण विकत घेतो म्हणून मोठ्या कंपन्यांनी त्यांना वाटेला लावलं, तेव्हा चिडून त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली. कंपनी म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल, डिंकाची बाटली आणि बायको. रेकॉर्डी कारखान्यातून काढून आणायच्या, कव्हरं दोघांनी घरी चिकटवायची, आणि पिशवीत भरून दुकानोदुकानी हिंडायचं. तीन वर्षांत कंपनी आटोपली. त्यांच्या रेकॉर्डी आता कुठेच मिळत नाहीत, म्हणून लोक त्यांच्यामागे लागले आहेत. मिळत असत्या तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं, असं माझं मत. (हे मत मी धाकटीला एकदाच सांगितलं.)

धाकटी त्या गृहस्थांना बुवा म्हणायची. इतकं अंगात आल्यासारखं वाजवणारा माणूस बुवाच, असं तिचं म्हणणं. बुवांच्या प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरावर कोपऱ्यात नंबर छापलेला असतो. धाकटीने दोनपासून आठपर्यंत सगळ्या जमवल्या होत्या. कुठली लग्नाच्या घरातून, कुठली मोडीत निघालेल्या हॉटेलातून, एक तर कोणाच्या तरी कुंडीखालून. फक्त एक नंबरची तिला मिळाली नाही. कपाटात अगदी डावीकडे तिने त्या रेकॉर्डपुरती जागा सोडली होती आणि बाकीच्या कलू नयेत म्हणून तिथे पुठ्ठ्याचा तुकडा उभा केला होता. ताई, ती तो पुठ्ठासुद्धा पुसायची.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत एकदा मी तिचे कपडे आणायला घरी निघालो, तर डोळे न उघडता म्हणाली, "जाताच आहात तर पहिली मिळते का बघा." भाजी सांगावी तसं. मी "बघतो" म्हणालो. हेच आमचं शेवटचं धड बोलणं. लोक शेवटी म्हणे काय काय बोलून जातात. आम्ही खरेदीचं बोललो. त्याचं मला वाईट वाटत नाही, आमचं बरंचसं बोलणं खरेदीचंच असायचं. पण "बघतो" म्हटलं होतं आणि बघितलं नव्हतं. ती गेल्यावर घास उतरायचा, पण झोप यायची नाही. अंथरुणावर पडलं की तो पुठ्ठा दिसायचा.

तेव्हा मी शोधायला निघालो. मला जाझमधलं शून्य कळतं, हे सुरुवातीलाच सांगतो. धाकटी ज्या संग्राहकांमध्ये जायची त्यांना मी रविवारची मंडळी म्हणतो. त्यांचे प्रमुख एक दंतवैद्य आहेत आणि त्यांच्या खालोखाल एक निवृत्त न्यायाधीश. (न्यायाधीशांना आपण खालोखाल आहोत हे मान्य नाही.) मंडळींचा एक कडक नियम आहे. बुवांना स्वतःला जाऊन काही विचारायचं नाही. ते म्हणजे परीक्षेत पेपर काढणाऱ्या मास्तरांनाच उत्तर विचारण्यासारखं. शोधून सापडेल ती रेकॉर्ड, विचारून मिळेल ती नव्हे. बुवा याच गावात, बसने जाण्याच्या अंतरावर राहतात हे सगळ्यांना पक्कं माहीत, आणि इतक्या वर्षांत कोणी त्यांचा जिना चढलेलं नाही. धाकटी नियमाची पक्की. तीही गेली नाही.

मी पहिल्यांदा दंतवैद्यांकडे गेलो. दात दुखत नव्हता, पण तिथे नुसतं बोलायला बसायची सोय नाही, खुर्ची ती एकच. मी "एक नंबर" एवढं म्हणेपर्यंत तोंड उघडलं गेलं होतं. मग त्यांनी सांगितलं की तरुणपणी एका मित्राच्या घरी त्यांनी ती एकदाच ऐकली. आधी बराच वेळ एकटा ड्रम वाजतो, आणि मग दार ढकलून कोणी घरात यावं तसा ट्रम्पेट येतो. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. हातातलं यंत्र चालूच होतं. मी काहीच बोलू शकलो नाही, त्यावर ते खूश झाले. म्हणाले, आजवर मला पुरतं ऐकून घेणारे तुम्हीच. उठलो तेव्हा माझ्या एका चांगल्या दाढेत चांदी भरलेली होती.

न्यायाधीशांनीही ती ऐकलेली आहे. त्यांच्या मते त्यात ड्रम मुळीच नाही, सगळा पियानो आहे. या मुद्द्यावरून दोघे रविवारी खोलीच्या दोन टोकांना बसतात आणि बिस्किटांची बशी मध्ये ठेवावी लागते.

मग मी जुन्या सामानाच्या दुकानांतून हिंडू लागलो. शिवणयंत्रं, घड्याळं, बिनतारांचे पंखे, आणि त्यांच्या खाली रेकॉर्डी. हात काळे व्हायचे, पण वेळ जायचा. एका दुकानात मला मधला कागद उडालेली, कव्हर नसलेली एक जुनी रेकॉर्ड मिळाली. दुकानदार म्हणाला, ट्रम्पेटवाल्याचीच आहे. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाला, नसल्याचं तरी कशावरून? मला हे त्या वेळी पटलं. (माणूस झोपलेला नसला की काहीही पटतं.) ती मी कापडात गुंडाळून रविवारी न्यायाधीशांच्या घरी नेली. मंडळी रेकॉर्ड ऐकताना डोळे मिटतात. सगळ्यांनी मिटले. आधी एक सरळ शिट्टी वाजली, ती थांबेचना. मग पाऊस पडल्यासारखी खरखर, मग जाड घूं असा आवाज. दंतवैद्यांची मान हलायला लागली. न्यायाधीश म्हणाले, धाडस आहे. कोणीतरी म्हणालं, काळाच्या फार पुढे. आणि मग रेकॉर्डमधून एक भला गृहस्थ अतिशय शांत आवाजात म्हणाला, "आता आवाज उजव्या बाजूने येत असल्याची खात्री करून घ्यावी."

ती रेकॉर्ड नव्या यंत्राबरोबर मिळते ती, यंत्र नीट जोडलं आहे का हे तपासायची. सगळ्यांनी एकेक करून डोळे उघडले. चहा नेहमीपेक्षा लवकर आला. धाकटी असती तर तिने पहिल्या शिट्टीलाच ओळखलं असतं, आणि तरी शेवटपर्यंत त्यांना डोळे मिटून ऐकू दिलं असतं.

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की आता बुवांकडेच जायचं. मी मंडळींचा सभासद नाही, सभासदाचा नवरा आहे, तेव्हा नियम मला लागू नाही, असं मी बसमध्ये स्वतःला स्टॉपमागून स्टॉप पटवत होतो. बुवा तिसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहतात. लेकीने दार उघडलं, हात ओले, साडीचा पदर खोचलेला, आणि "किती उशीर केलात" म्हणून मला थेट बाथरूममध्ये नेऊन गळका नळ दाखवला. मला नाही म्हणायला वेळ लागतो. तोवर नळाचं पाणी माझ्या बाहीत शिरलं होतं. मी नळवाला नाही, हे कळल्यावर बाई ओशाळल्या आणि मला पुसायला टॉवेल देऊन बाहेरच्या खोलीत बसवलं.

तिथे बुवा पेपर वाचत होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ताई, ज्याचं सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं त्याला दोरा बांधलेला चष्मा समोर असताना दुसरं काही सुचत नाही. मी विचारायला आलो होतो एक आणि म्हणालो, "जरा देता का?" बारका स्क्रूड्रायव्हर अजून माझ्या खिशात असतो. दोरा काढला, स्क्रू बसवला, काड्या सरळ केल्या. बुवांनी चष्मा लावला, मला नीट पाहून घेतलं आणि आपण कोण असं विचारलं. माझं चष्म्याचं दुकान होतं एवढं सांगून मी म्हणालो, "तुमच्या कंपनीची एक नंबरची रेकॉर्ड कुठे मिळेल?"

बुवांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "चष्म्याचं दुकान होतं म्हणता. पावतीपुस्तक कोणत्या नंबरापासून सुरू केलं होतंत?"

मी चारशे एकपासून सुरू केलं होतं. सगळेच करतात, ताई. पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात एक नंबरची पावती दिली तर तो म्हणतो, हा आजच डोळे तपासायला शिकला वाटतं.

"मग मलाच काय वेडा समजलात?" बुवा म्हणाले. "कव्हरावर एक नंबर दिसला असता तर दुकानदाराने आत घेतलं नसतं. म्हणाला असता, पुढची निघाली की या. आमची ही म्हणाली, दोन टाका. टाकला दोन."

"म्हणजे पहिली..."

"नाही. कधी नव्हतीच."

ताई, मला हसू आलं. साधं नव्हे, पोटातून, खुर्चीला धरून. धाकटी गेल्यापासून मी हसलो नव्हतो, त्यामुळे ते साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं आणि मध्येच त्याचं रडणं झालं, आणि पुन्हा हसू. लेक स्वयंपाकघरातून धावत आली आणि बापालाच रागावली, "काय बोललात त्यांना?" बुवा म्हणाले, मी फक्त नंबर सांगितला. मग त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, कोणासाठी शोधत होतात. मी म्हणालो, बायकोसाठी. ती आता नाही. तिच्याकडे दोन ते आठ आहेत, हीच तेवढी राहिली होती.

"मग सगळ्याच आहेत की," बुवा म्हणाले. "आमच्या स्वतःच्या घरातसुद्धा सगळ्या नाहीत."

घरी आलो. पुठ्ठा काढला आणि सातही रेकॉर्डी डावीकडे सरकवल्या. मग भर दुपारी जो झोपलो तो दिवे लागल्यावर उठलो. त्या दिवसापासून व्यवस्थित झोप लागते. तिचं काहीही राहिलेलं नाही, ताई. तिलाच ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

पुढच्या रविवारी मंडळींना मी हे सगळं खरं खरं सांगितलं. कोणाचाही विश्वास बसला नाही. दंतवैद्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, दुःखात माणूस कोणाचंही ऐकतो. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदार वयस्कर आहे आणि स्वतःच्याच कामाबद्दल बोलतो आहे, त्यामुळे साक्ष ग्राह्य धरता येत नाही. ड्रम की पियानो हा प्रश्न निघाल्यापासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं आणि ते शेजारी शेजारी बसले. मी बिस्किट घेतलं आणि घरी आलो.

लिहिण्यासारखं एवढंच. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला जिन्यापासून लांब ठेवावं.

तुमच्या धाकटीचे
हे

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलंच. माझा चेहरा पाहून दंतवैद्यांच्या मनात शंका आली आहे की मला एक नंबर मिळाली आणि मी ती दडवून ठेवली आहे. शोधत होता तोवर रया गेलेली, आता बघा, म्हणतात. घरी येऊन कपाट पाहून गेले, गादी उचलून पाहिली. नाही नाही म्हणून माझा जीव थकला. मला खोटं बोलायचा सराव नाही, नाहीतर इतक्या जवळचं नाव घेतलं नसतं. मी म्हणालो, "ताईंकडे आहे." हे मात्र त्यांना लगेच पटलं. ते गुरुवारच्या गाडीने तुमच्याकडे येत आहेत. कृपा करून "नाही" म्हणू नये, त्याचा उपयोग होत नाही. होती, ऐकली होती, भाडेकरू घर सोडताना घेऊन गेला, असं म्हणावं. कशी होती असं विचारतील. तेव्हा नुसतं "काय सांगू" म्हणून थांबावं, पुढचं सगळं तेच सांगतील. माणूस वाईट नाही. चहा बिनसाखरेचा घेतात.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी दोन नंबर लावून पाहिली. आजवर तिने ती लावली की मी फिरायला जात असे. आज गेलो नाही. पहिली बाजू मला काही कळली नाही. दुसरी परत लावली आहे, म्हणून इथेच थांबतो.