नोट्स फार छान निघाल्या, ताई

बेलवली, बदलापूर (प.)
रविवार, दुपार

ती. सौ. वैदेहीताईस,

धाकट्या गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही जिवंत आहोत. याहून जास्त सांगण्याइतकं त्राण नाही. तरी लिहितोय, कारण फोनवर बोललो की वृंदा ऐकते. (आमच्या दोन खोल्यांत कुजबुजायचं तरी कुठे?)

तुला माहीतच आहे, इतकी वर्षं शिकवल्यावर आता आम्हा शिक्षकांनाही पात्रता परीक्षा पास व्हायची आहे, नाहीतर नोकरीवर गदा. मी अंबरनाथच्या शाळेत, वृंदा उल्हासनगरच्या. त्यामुळे संकट एकाच घरात जोडीने आलं. मी म्हटलं, आधी पाया पक्का, मग प्रश्न. नवी वही, चार रंगांची पेनं, पट्टी घेऊन बसलो. बालमानसशास्त्राचं पहिलं प्रकरण गणपतीत सुरू केलं ते दिवाळीत संपलं, पण काय संपलं! व्याख्या निळ्या, उदाहरणं हिरवी, महत्त्वाचं तांबड्या चौकटीत. (शेवटी सगळंच महत्त्वाचं वाटल्यामुळे सगळीच पानं तांबडी झाली, ती गोष्ट वेगळी.) वृंदाने मात्र उल्हासनगरच्या बाजारातून प्रश्नसंच आणला आणि घड्याळ लावून सोडवायला बसली. चुकलं की कपाळावर हात मारायची, धडा उघडून तेवढंच वाचायची, पुन्हा सोडवायची. मला ते फार उथळ वाटायचं. तसं मी तिला बोललोही, हे कबूल करतो.

शेजारची किर्तीसुद्धा ह्याच परीक्षेला बसत होती. तिने माझ्या नोट्सची झेरॉक्स नेली. “सर, काय अक्षर आहे!” म्हणाली. त्या भरात मी इतिहासही लिहून काढला. सराव राहूनच गेला.

परीक्षेच्या हॉलमध्ये पहिलाच प्रश्न ओळखीचा निघाला. ताई, तो कुठल्या पानावर आहे, कुठल्या रंगात आहे, शेजारी चहाचा डाग कसा पडलाय, सगळं डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होतं. फक्त उत्तर दिसत नव्हतं. चार पर्याय आणि चारही मला पटलेले! एकेकाशी मनात वाद घालत बसलो, आणि बराचसा पेपर कोरा असताना घंटा झाली. पर्यवेक्षक कोण, तर माझाच जुना विद्यार्थी जयदेव. “सर, वेळ संपली,” असं इतक्या हळू म्हणाला आणि पेपर इतक्या अदबीने ओढून घेतला, की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

निकालात वृंदा पास, किर्ती पास (ती म्हणते माझ्या नोट्समुळे, पण तिने प्रश्नही सोडवले होते, हे नंतर कळलं), आणि मी नापास. वृंदाने आणलेला पेढ्यांचा पुडा दोन दिवस न उघडता ओट्यावर पडून होता. तिसऱ्या दिवशी तिने एक सरावाचा पेपर माझ्यापुढे ठेवला. संध्याकाळपर्यंत मी तो सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून काढला, समासासकट. तेव्हा मात्र ती कडाडली, “अहो, सोडवायचा असतो तो, सजवायचा नसतो!”

खरं सांगू? नोट्स काढताना कोणी ‘चूक’ म्हणत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरांवर फुल्या मारल्या. आता स्वतःच्या उत्तरावर एक मारायची तर मी पट्टी शोधत बसतो. पुढच्या परीक्षेला बसायचंच आहे, आणि मी दमलोय गं.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
गुरुदत्त

ता. क. — मुद्द्याचं राहिलंच. वृंदाला फोन करून सांगशील का, की रोज तासभर माझ्याकडून प्रश्न सोडवून घे? मी सांगितलंय असं मात्र म्हणू नकोस. उथळ म्हणालो होतो ना.

ता. क. (वृंदाकडून) — ताई, ह्यांनी पाकीट न चिकटवताच पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, तेव्हा वाचलं. फोनची तसदी घेऊ नका, उद्यापासून बसवते ह्यांना. सुरुवातीच्या सरावात मी इतकी सपाटून नापास व्हायचे की ह्यांना मार्क कधी सांगितलेच नाहीत. आता सांगेन म्हणते.