औषधाचा रेणू येतोय, बघा!

३ मार्च, सकाळी ७
बारा तारखेला प्राचार्यांच्या समितीसमोर माझी फिल्म. तीन मिनिटांची. औषधाचा रेणू पेशीच्या दारातून आत शिरतो, रोग हरतो. ती बघून ठरणार, विभागप्रमुख मी राहणार की काल-परवा आलेल्या मॅडम होणार. प्रश्नच नाही. बावीस वर्षं फळ्यासमोर गर्जतोय. सॉफ्टवेअर म्हणजे दोन दिवसांचं काम.

५ मार्च
पडद्यावर पाण्याचेच चाळीस हजार रेणू. नुसती गर्दी! गर्दीत विचार मरतो, हे मी कायम सांगत आलोय. नायक, म्हणजे औषधाचा रेणू, कुठे दिसतच नाही.

६ मार्च, दुपारी
सापडलं. सॉफ्टवेअरच्या यादीत प्रत्येक घटकापुढे डोळ्याचं चित्र आहे. त्यावर क्लिक केलं की घटक गायब. सगळं पाणी एका फटक्यात हटवलं. क्रांती अशी करतात! बायकोला बोलावून दाखवलं. म्हणाली, तुमच्या टेबलावरच्या पसाऱ्यालाही असा डोळा आहे का बघा.

७ मार्च
पेशीच्या दारात चरबीचा एक जाडजूड रेणू ठाण मांडून बसलाय. ढिम्म हलत नाही. गंमत म्हणून त्याच्यावर ठळक अक्षरांत ‘प्राचार्य’ लिहिलं. पोट धरधरून हसलो. मग त्याचाही डोळा मिटला. विषय संपला.

८ मार्च
डोळ्याशेजारी कॅमेऱ्याचंही चित्र आहे. अर्थ उघड आहे. ज्याच्यावर कॅमेरा रोखायचा, त्याचं दाबा. फक्त नायकाचं दाबलं. एकदा नव्हे, पाचदा. निष्ठा अर्धवट नसावी.

९ मार्च
कन्या डोकावली. तिचा धंदाच हा. म्हणाली, बाबा, डोळा फक्त तुमच्या स्क्रीनपुरता, फिल्ममध्ये काय येणार ते कॅमेरा ठरवतो. फिल्म झाली की एकदा बघा तरी. म्हटलं, चालायला शिकलीस ती माझं बोट धरून. म्हणाली, म्हणूनच दोनदा आपटले. आगाऊ कार्टी.

११ मार्च
अठ्ठावीस तास घुरघुरून कॉम्प्युटरने फिल्म दिली. बघणार नाही. स्वतःच्या कामावर संशय घेणारा आधीच हरलेला असतो. आरशासमोर भाषणाची तालीम केली. आरसा भारावला.

१२ मार्च, सकाळी ९.४०
निघतोय. बायको म्हणाली, चष्मा राहिला. म्हटलं, आज बघायचंय ते जगाने.

१२ मार्च, दुपारी ३
दिवे मालवले. मी गरजलो, औषधाचा रेणू येतोय, बघा! चष्म्याविना पडदा धूसर, पण सभागृहात खसखस पिकली. लोक रंगलेत म्हणून आवाज चढवला, दारातली चरबी हटल्याशिवाय सुटका नाही! टाळ्या. शिट्टीसुद्धा.
तेवढ्यात मॅडम कानाशी येऊन पुटपुटल्या, सर, सगळं पाणीच पाणी आहे, दारात प्राचार्य बसलेत आणि औषध कुठेच नाही.
प्राचार्य शांतपणे उठले. एवढंच म्हणाले, दारातून उठायला माझी हरकत नाही, पण आत येणारा आहे कुठे?

१४ मार्च
पाटी बदलली. मॅडमचं नाव.
कन्येने समजावलं. कॅमेरा आधीपासूनच चालू असतो. एकदा दाबलं की रेणू फिल्ममधून जातो, पुन्हा दाबलं की येतो. म्हणजे सहाव्यांदा दाबलं असतं, तर नायक दिसला असता. निष्ठा एका क्लिकने कमी पडली!
एकदाही दाबलं नसतं तरी दिसला असता, असं बायको आतून म्हणाली.