डोंगरावरचा आठवडा आणि तुमचं पान

तुमच्या खुर्चीत आज एक टायवाला बसला होता. पाय पसरून! आणि तुमच्या थोरल्यानं त्याला ‘दुसरीकडं बसा’ म्हटलं नाही, उलट चहात साखर बरोबर आहे का म्हणून विचारलं. मला कधी विचारलं नाही त्यानं साखरेचं. तुम्ही गेल्यापासून ती खुर्ची मी रिकामी ठेवलीय. ओला टॉवेलसुद्धा तिच्यावर टाकू देत नाही कुणाला. आणि हा कोण कुठला, येतो काय, बसतो काय!

विलासच्या बापूंना,

नमस्कार नंतर करीन, राग आधी वाचा. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून माझं अक्षर आहे तसंच आहे. लागलं नाही तर तिकडं एखादा मास्तर आला असेल, त्याच्याकडून वाचून घ्या. पण वाचा. कारण हे सगळं तुमचंच लावलेलं आहे, आणि निस्तरायला मला ठेवून गेलात.

टायवाला म्हणजे तोच, गंगापूर रोडच्या हॉटेलातला. आठवतो का? फोन आला होता, तुमचा नंबर लागला, जोडीनं या, जेवण फुकट, वर गरम राहणाऱ्या डब्यांचा सेट. मी म्हटलं होतं, ओळख ना पाळख, हे लोक आपल्याला कशाला जेवू घालतील? तुम्ही इस्त्रीचा सदरा काढलात.

त्या हॉलमध्ये कसली थंडी करून ठेवली होती! नवीन साल दोन हजारचं तोरण अजून लटकत होतं भिंतीला. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसले आणि तुम्ही व्याह्याच्या मांडवात बसल्यासारखे ताठ.

“काका, वर्षातून फिरायला कुठं जाता?” त्यानं विचारलं.

“वणीला. देवीला.”

“ते दर्शन झालं, काका. फिरायला?”

“फिरायला मळ्यात,” मी म्हटलं. “रोज जातो.”

मग त्यानं ते चकचकीत पुस्तक उघडलं. डोंगर, धुकं, पांढरीशुभ्र चादर घातलेला पलंग. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ही चादर धुतं कोण! तो म्हणाला, दरवर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षं, हा आठवडा तुमच्या मालकीचा. मी म्हटलं, आठवड्याचा सातबारा निघतो का हो? पलीकडच्या टेबलावरची बाईसुद्धा हसली. तुम्ही टेबलाखालून माझा पाय दाबलात.

एक सांगते. त्या फोटोकडं बघून क्षणभर मलाही बरं वाटलं होतं. म्हटलं, सात दिवस चुलीपुढं जायचं नाही, कुणी तरी ताट वाढून देईल, मी खिडकीत बसून डोंगर बघीन. तेवढ्यात तो मोठ्या कौतुकानं म्हणतो, “आणि काकू, रूममध्ये किचन आहे! गॅस, कुकर, भांडी, सगळं!” मेल्या, मग मी घरी काय वाईट होते? तुम्ही मात्र मान हलवत होतात, “वा, वा.” खाणाऱ्याला वाटणारच वा वा!

मग त्यानं रंग काढले. लाल आठवडा महाग, म्हणजे दिवाळी आणि मे महिना. पांढरा त्याच्या खालचा. निळा सगळ्यात स्वस्त. तुम्ही पट्टीच्या बागायतदाराच्या थाटात त्याला समजावलंत, दिवाळीत आमचा झेंडू असतो, मेमध्ये लग्नसराईचा मोगरा, गणपतीत तर फुलबाजारातून मान वर करायला फुरसत नाही.

“मग काका, तुम्ही मोकळे असता तरी कधी?”

“पितरांच्या पंधरवड्यात,” तुम्ही म्हणालात. “तेव्हा फुलाला कुत्रं विचारत नाही.”

त्याला केवढा आनंद झाला! “मग निळा घ्या, काका. तेव्हा गर्दी नाय, काय नाय. अख्खं रिसॉर्ट तुमचंच.”

असणारच! त्या दिवसांत लोक आपापल्या घरी मेलेल्या माणसांना जेवू घालत असतात. फिरायला जाईल कोण? पण तुम्ही हो म्हणून बसलात. सही तेवढी राहिली, कारण चष्मा घरी राहिला होता. नशीब माझं.

येताना पुलावर स्कूटर हळू केलीत. मी डब्यांचा सेट मांडीवर घेऊन फुगून बसले होते. तुम्ही पुढं बघतच म्हणालात, “अगं, दोघं भाऊ सात दिवस एका छपराखाली राहतील. डोंगरावर रुसून जातील कुठं? बोलावंच लागेल.”

तेव्हा मी गप्प बसले. आज बोलते. पोरांना बोलतं करायला डोंगर कशाला हवा होता? आपलं अंगण होतं की! बोअरची मोटर जळली तेव्हा विलास म्हणाला राजूनं कोरडी चालवली, राजू म्हणाला विलासनं बंद केलीच नव्हती. एकानं आई काढली, दुसऱ्यानं बाप काढला. दोघांची आई मी आणि बाप तुम्ही, तरी काढले. तेव्हा दोघांच्या कानाखाली एकेक ठेवून दिली असतीत तर मोटर नवी आली असती आणि बोलणं जुनंच राहिलं असतं. तुम्ही काय केलंत? टोपी घातलीत आणि गुलाबाला पाणी धरायला गेलात.

आणि विलास वेगळी चूल मागायला आला तेव्हा? “आईला विचार.” मी नाही म्हटलं. मी सासू, मी वाईट, मी दोन्ही सुनांच्या डोळ्यात खुपले. मी माहेरी चार दिवस गेले तेवढ्यात तुम्ही गवंडी बोलावून समोरच्या ओट्यावर राजूसाठी स्वयंपाकघर बांधून मोकळे! राजूला मोटरसायकल हवी होती, आईला विचार. नातीला सहलीला जायचं होतं, आजीला विचार. आयुष्यभर हो तुमच्या तोंडात आणि नाही माझ्या तोंडात. म्हणून तर तुमच्या दहाव्याला अख्खं मखमलाबाद गाव रडलं. माझ्या वेळी लोक घड्याळ बघतील.

या आठवड्याचंही तेच केलंत. दोघं पोरं वेगवेगळी विचारायला आली, तर दोघांना तुम्ही म्हणालात, “माझं ठरलंय, पण आईला विचारा.” मी काही बोलायच्या आत तुम्ही गुलाबाच्या वाफ्यात बसलात ते उठलाच नाहीत.

आता आजचं ऐका. दुपारी जेवणं झाली आणि हा आला. विलासनंच फोन करून बोलावला होता म्हणे.

“काकू, काकांनी होकार दिला होता. त्यांची शेवटची इच्छा समजा.”

“तुम्ही होता का शेवटी?” मी म्हटलं. “मी होते. शेवटी ते म्हणाले, पाणी बंद कर.”

विलास मध्ये पडला. “आई, बापूंना लय हौस होती गं. पोरं पण खूश होतील. तू फक्त सही कर.” पैसा माझ्या नावावर ठेवून गेलात ना, म्हणून सही माझी. नाही तर मला कुणी हाक मारली असती?

राजू समोरच्या ओट्यावर उभा. तिथूनच ओरडला, “आई, त्याला सांग, त्या पैशात माझा पण वाटा हाय. आन मी काय येणार नाय.”

“आई, त्याला म्हणावं, नको येऊ. आम्ही ऐसपैस राहू,” विलास इथून.

अंगण केवढं आपलं? इकडं भाजीला फोडणी दिली तर तिकडं ठसका लागतो. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतं, तरी मध्ये मी टपालवाली! आणि तो टायवाला, बुद्धी बघा त्याची, पटकन म्हणतो, “अहो, मग सोपं आहे! दोन आठवडे घ्या ना. एका भावाला एक, दुसऱ्याला दुसरा. भेटच होणार नाही.”

ऐकलंत? तुम्ही दोघांना जवळ आणायला निघाला होतात, आणि तुमचा माणूस त्यांना कायमचं तोडून द्यायला तयार. त्याचा काय दोष? त्याचा माल खपतोय. दोष तुमचा. माणसं जोडायचं काम तुम्ही हॉटेलवाल्याला दिलंत.

मी विचारलं, “आठवडा कुठला?”

“काकांनीच निवडलेला. पितृपक्षातला. निळा.”

मी विलासकडं बघितलं. त्यानं कप खाली ठेवला. त्याच्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला असावा. तुमचं वर्षश्राद्ध झालं. यंदा पहिल्यांदाच पंधरवड्यात तुमच्या तिथीचं, सप्तमीचं पान घालायचं आहे. जो आठवडा तुम्ही सुट्टीचा म्हणून निवडलात, तो आता तुमच्या जेवणाचा झालाय! यंदाही आणि दरवर्षीही.

कुठल्या कुठल्या पितरांना बाजूला सारून डोंगरावर जाणार होतात तुम्ही? तुमच्या आईला? तुमच्या वडिलांना? त्यांचा विचार त्या हॉलमध्ये आला नाही ना? मग आता तुमचा विचार पोरांनी का करावा? पोरं तुमचीच आहेत. बघा बसून छपरावर कावळ्यासारखी वाट!

विलास खाली मान घालून म्हणाला, “आई, बापूंचं आपण इथंच गंगेच्या घाटावर भटजीकडून उरकून घेऊ. आता सगळे तसंच करतात.”

उरकून! बापाला उरकतात का?

तर ओट्यावरून राजू, “आई, त्याला म्हणावं, तू जा डोंगरावर. माझ्या बापाचं पान मी माझ्या दारात घालीन.”

“माझा पण बाप हाय म्हणावं! जायच्या आधी मी पण घालून जाईन, माझ्या दारात.”

म्हणजे चुली दोन, तशी पानंही दोन. आपल्यात वेगळे झालेले भाऊ घालतात वेगळं पान, रीत आहे, मला माहीत आहे. पण ती माणसं निदान एकमेकांना जेवायला तरी बोलावतात. इथं एका अंगणात, एका बापाची दोन पानं, मध्ये पाठी फिरवलेली दोन पोरं. तुम्ही कुणाच्या दारात उतरणार? थोरल्याच्या पानाला शिवलात तर धाकटा जन्मभर म्हणेल, बापानंही पक्षपात केला. धाकट्याच्या पानाला शिवलात तर थोरला. आणि तिथून तुम्हाला ‘आईला विचारा’ म्हणायची सोय नाही!

त्या माणसाला मी म्हटलं, “उठा त्या खुर्चीतून.” तो उठला. म्हणाला, सोमवारी येतो, स्कीम तोवरच आहे. मी म्हटलं, मग मंगळवारी या.

तो गेल्यावर मी तुमच्या खुर्चीत स्वतः बसले, पहिल्यांदाच. कशी हो बसत होतात तुम्ही हिच्यात? पाठीला आधारच नाही धड.

बसून विचार केला. विलासच्या पोरांना कुठं तरी न्यावं हे मलाही कळतं. शाळेतली बाकीची पोरं सुट्टीत जाऊन येतात आणि आपली फुलांच्या जुड्या बांधतात. त्यांना डोंगर दाखवू नये असं मी म्हणत नाही. मलाही बघायचा आहे, मरायच्या आधी, कुकर न लावता. पण त्याला एसटी आहे, धर्मशाळा आहे, एखाद्या वर्षी बरं हॉटेलही आहे. ज्या वर्षी भाऊ भावाला चल म्हणेल त्या वर्षी जाऊ, ज्या दिवशी फुलं सोडतील त्या दिवशी जाऊ. पंचवीस वर्षांचं भांडण आधी विकत घेऊन ठेवायचं कशाला? आता दोघं निदान अंगणाच्या दोन टोकांना आहेत. डोंगरावरही खोलीला दारं असतात, बापू. ती आतून लागतात.

म्हणून मी सही करणार नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. तुमची हौस होती, असेल. तुमच्या सगळ्या हौशी पुरवायचा मी मक्ता घेतला नव्हता. हे ‘नाही’ मात्र तुमच्या वतीनं नाही, माझ्या स्वतःच्या तोंडचं आहे. म्हणताना बरं वाटलं.

आणि एक शब्द देते. सप्तमीला पान एकच मांडलं जाईल, अंगणाच्या मधोमध. दोघांनी मिळून मांडलं, तर स्वयंपाक मी करीन. गवार, भोपळा, वडे, आणि तुम्हाला लागते तशी चमचा उभा राहील इतकी घट्ट खीर. सुनांना हात लावू देणार नाही, त्या पातळ करतात. पण दोन दारांत दोन पानं दिसली, तर मी दोन्ही उचलून गाईपुढं ठेवीन आणि तुम्ही यंदा उपाशी जाल. मला वाईट वाटणार नाही असं समजू नका. वाटेल. तरी ठेवीन.

आता नमस्कार.

विलास-राजूची आई,
सरूबाई

हे पत्र घेऊन विलासनं समोरच्या ओट्यावर जायचं आणि राजूला मोठ्यानं वाचून दाखवायचं, पहिल्या ओळीपासून, मला शिव्या द्याव्याशा वाटल्या तरी न थांबता. संपलं की विचारायचं, सप्तमीचं पान मांडायला येतोस का? उत्तर तुम्ही द्यायचं नाही, बापू, मीही देणार नाही. ‘आई, त्याला सांग’ असं कुणी म्हणायचं नाही. उत्तर राजूनं द्यायचं, भावाच्या तोंडाकडं बघून.