तिसऱ्या खोलीची मापं

तीर्थस्वरूप मामांस,

तुम्हीच नाव ठेवलेल्या पाचरीचा वाकून नमस्कार. (मी वाकले काय, न वाकले काय, बघणाऱ्याला फरक कळत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.) तुमचे कान कसे आहेत? मामी फोनवर म्हणाली की डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने फक्त जेवणाची हाक ऐकू येते. म्हणून पत्र लिहितेय. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही. मामीच्या पाठीला तो लाकडी पाट लावून बसायचं चालू आहे ना? तिला सांगा की पाट तुम्ही केलाय म्हणून तो औषधी होत नाही, आणि डॉक्टरकडे जायला सांगा. माझी तब्येत उत्तम आहे. झोप चांगली लागते. किती चांगली, ते पुढे येईलच.

तुम्ही दर पत्रात विचारता की कपाट मिस्त्री करतो, भिंत गवंडी पाडतो, रंग रंगारी लावतो, मग इंटिरियरवाली म्हणून तू नक्की काय करतेस? मामा, मी मध्ये उभी राहून बघते. आणि बघून बघून मला एवढं कळलंय की हे सगळं शहर कुणीतरी तुमच्यासारख्या लंब्याचौड्या माणसाला उभं करून मापलेलं आहे. बँकेच्या काउंटरवर माझी फक्त वेणी आणि हात दिसतो. बसमधल्या कड्या माझ्यासाठी नसतातच, मी शेजारच्या माणसाच्या पिशवीला धरते. माझ्या भाड्याच्या खोलीतला ओटा इतका उंच आहे की भाजी चिरताना मी रंगाच्या डब्यावर उभी राहते, आणि फोडणीच्या वेळी उतरते, कारण एकदा डबा घसरला होता. दिवसभर लोकांची घरं त्यांच्या मापाची करून द्यायची आणि आपण डब्यावर चढून स्वयंपाक करायचा, असं गेली बारा वर्षं चाललं होतं. तक्रार नाही. (आहे, पण ती तुमच्यापर्यंत पोचवायला मला स्टूल लागेल.)

तर चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी ऑफिसच्या दाराखालून एक पाकीट आत सरकवलेलं सापडलं. ऑफिस म्हणजे लाँड्रीच्या वरची ती खोली, जिथे उन्हाळ्यात इस्त्रीची वाफ फरशीतून वर येते. पाकिटात दोन कागद. पहिल्यावर लिहिलं होतं, सतराव्या मजल्यावर नवं घर घेतलंय, तीन खोल्या, सगळं काम तुम्हीच करावं अशी इच्छा आहे, गुरुवारी भेटायला येऊ. दुसऱ्या कागदावर वर ‘तिसरी खोली’ आणि खाली नुसती मापं. सुंदर, टपोऱ्या अक्षरात. ओटा एकतीस इंच. सगळ्यांत वरची फळी पाच फूट आठ इंच, तिच्या वर काही नको. आरशाचा मध्य साडेचार फुटांवर. लिहायच्या टेबलावर उजेड उजवीकडून. खोलीच्या दाराला आतून बाहेर बघायचं भिंग, तेही साडेचार फुटांवर. (घरातल्या घरात खोलीच्या दाराला भिंग कोण लावतं? पण गिऱ्हाईक म्हणालं की आपण मान डोलवायची, हे मी तुमच्याकडूनच शिकले.) अशी सव्वीस मापं.

गुरुवारी दोघं आले. दोघंही ताडमाड. गृहस्थ वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक, आणि त्यांच्या पत्नी शाळेत भूमिती शिकवायच्या. माझ्या खोलीत ते दोघं खुर्च्यांवर बसले आणि मी उभी राहिले, तेव्हा आमची डोकी एका रेषेत आली. मी सहज विचारलं, तिसरी खोली कुणासाठी? भूमितीच्या बाई म्हणाल्या, “राहील तिच्यासाठी.” म्हटलं, म्हणजे मुलगी का? सासूबाई? त्या हसल्या. “मापं दिलीत ना आम्ही? त्यावरून ओळखीचं वाटेल तुम्हाला.”

मी आपली तर्क करत बसले. आधी वाटलं, दूर कुठे नोकरी करणारी मुलगी असेल. पण आईबाप ताडाची झाडं आणि मुलगी झुडूप, असं कसं होईल? मग वाटलं, म्हातारी आई असेल. पण म्हातारीला लिहायचं टेबल कशाला, आणि तेही एवढं मोठं? एकदा तर वाटलं, हे दोघं पाळलेलं माकड आणणार आहेत. (हसू नका. माकडाला आरसा आणि भिंग दोन्ही लागतं.)

इमारत म्हणजे वरपासून खालपर्यंत काच. पहिल्या दिवशी दार समजून मी दोनदा भिंतीला धडकले, आणि एकदा भिंत समजून उघड्या दारापुढे वॉचमनची वाट बघत उभी राहिले. सतराव्या मजल्यावरून माणसं दिसत नाहीत, नुसती त्यांची लगबग दिसते. पहिल्या दोन खोल्या मी पंधरा दिवसांत उरकल्या. तिसरीच्या नकाशाचा कागद मात्र कोराच. पेन टेकवलं की हात अडायचा. महिना गेला. शेवटी भूमितीच्या बाईंना सांगितलं की मला काही सुचत नाहीये, दुसरं कुणी बघा. त्या जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पुस्तकं मिटा आणि गावभर हिंडा. जिथे पाय आपोआप थांबतील, तिथलं काहीतरी घेऊन या.”

मग मी हिंडले, मामा. वही घेऊन, रोज. आणि बारा वर्षं ज्या शहराला शिव्या दिल्या त्यात माझे पाय ठिकठिकाणी थांबायला लागले. पोस्टाच्या मागे एक पायरी आहे, सकाळी अकराला तिच्यावर ऊन येतं आणि दगड दुपारपर्यंत उबदार राहतो. डोळ्यांच्या दवाखान्यात वळणदार बाक आहे, त्यावर अनोळखी माणसांना एकमेकांकडे बघावं लागत नाही. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीत गोल खिडकी आहे, तिच्यातून निळा उजेड हलत हलत बाहेर येतो. आणि नव्या वाचनालयाची ती काँक्रीटची भिंत! काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेषा तिच्यावर तशाच उमटल्यात. फळ्या कधीच काढून नेल्या, गाठी आणि रेषा राहिल्या. मी तिच्यावरून हात फिरवत इतका वेळ उभी राहिले की ग्रंथपालांनी येऊन विचारलं, काही हरवलंय का? सगळं मी खोलीत आणलं. खिडकीखाली दगडाची बैठक, वळणदार बाक, गोल काच, फळ्यांच्या रेषांची भिंत. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. रात्री झोपताना मला घाई असायची, कधी एकदा सकाळ होते आणि तिथे जाते.

मिस्त्रीला मात्र ती खोली आवडेना. (मिस्त्री सहा फूट, तुमच्या जातकुळीचा. फळीला आपटून त्याच्या कपाळावर आता कायमचं टेंगूळ आहे.) म्हणायचा, “बाई, बाकीच्या घरात मी शीळ घालतो. इथे घालवत नाही.” एक फळी, एक कडी बसवली की तो मला हाक मारायचा, जरा इथं उभ्या राहा, हात पुरतो का बघा. पुरायचा. प्रत्येक वेळी पुरायचा. चव्वेचाळीस दिवस मी त्या खोलीत उभी राहून हात वर करत होते आणि मनात म्हणत होते, वा, काय अचूक काम होतंय. शेवटी एका दुपारी तो पटाशी खाली ठेवून म्हणाला, “बाई, तुम्हाला कळत नाही की कळून घ्यायचं नाही? ही खोली तुमच्या अंगावर बेतलीय.”

मी हसले. घरी गेले आणि टेप काढली. भिंतीला पाठ लावून पेन्सिलने खुणा केल्या. कोपर, डोळे, हात वर करून बोटांची टोकं, बसल्यावर गुडघा. एकूण एक माप जुळलं. डावखुरीला उजेड उजवीकडून लागतो, तेही. तरी म्हटलं, बुटक्या डावखुऱ्या बायका काय मी एकटीच आहे? मग सव्विसावं माप बघितलं. टेबलाखाली पाय टेकायची पट्टी: ‘उजवीकडे अर्धा इंच उंच.’

मामा, मी तुमच्या प्लायच्या थप्पीवरून पडले तेव्हा आठ वर्षांची होते. उजवा पाय अर्धा इंच आखूड राहिला. मला कुणी लंगडी म्हणू नये म्हणून तुम्ही दर चपलेत बुचाचा तुकडा तासून बसवायचात. आता मी स्वतः बसवते. चालताना कुणालाही कळत नाही. आई गेल्यावर हे माहीत असलेले आपण दोघंच उरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सतराव्या मजल्यावर गेले. खूप काही बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच निघालं की तिसऱ्या खोलीची मापं माझी आहेत. निरीक्षक दाढी करत होते, ते फेस तसाच ठेवून बाहेर आले. “चुकलंय का एखादं?” म्हटलं, नाही. ते म्हणाले, “तीस वर्षं मी लोकांची मापं तपासली. माप चुकलं म्हणून तक्रार करणारे पुष्कळ भेटले. बरोबर आलं म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच.” मी विचारलं, तुम्हाला ती दिली कुणी? भूमितीच्या बाई खिडकीशी उभ्या होत्या, त्या वळल्याही नाहीत. “आम्हाला आली तशी तुम्हाला दिली. दाराखालून.”

काम सोडायचं असं मी लिफ्टमध्ये ठरवलं. पण नुसतं बिजागऱ्यांना वंगण घालायचं राहिलं होतं, मामा, आणि अर्धवट काम टाकणाऱ्याला तुम्ही काय म्हणता ते मी पत्रात लिहू शकत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मिस्त्री हत्यारं बांधून गेला. जाताना माझ्याकडे बघून नमस्कार केला, जसा आजाऱ्याचा निरोप घेताना करतात. बाईंनी चहा दिला. पलंगावर चादर घातलेली होती. त्या म्हणाल्या, “दमलात. घटकाभर पडा.” मी म्हटलं, छे छे, आणि पडले. (यात तुम्हाला नवल वाटणार नाही.) जागी झाले तेव्हा तीन वाजले होते. गुडघा दुखत नव्हता. उशी उंच नव्हती. कितीतरी वर्षांनी मला आपण कुठल्या वस्तूच्या खाली किंवा मागे आहोत असं वाटत नव्हतं. घरात आवाज नव्हता. उठले, दाराशी गेले, आणि मान वर न करता भिंगाला डोळा लावला.

बाहेर सोफ्यावर ते दोघं शेजारी शेजारी बसले होते. बाहेर जायचे कपडे, पायात बूट, मांडीवर एकेक छोटी बॅग. दोघंही माझ्या दाराकडे बघत होते. किती वेळ बसले होते कोण जाणे, चहाचे कप तसेच होते आणि त्यावर साय धरली होती.

मी दार उघडलं. कडी लावलेली नव्हती, हे मुद्दाम सांगते. दोघं उठले. “जमलं?” निरीक्षकांनी विचारलं. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? त्यांनी किल्ली माझ्या डाव्या हातात ठेवली. बाई म्हणाल्या, “बरं झालं बाई. आता आम्ही मोकळे.” म्हटलं, अहो, पण तुम्ही कुठे निघालात? हे घर तुमचं आहे. निरीक्षकांनी लिफ्टचं बटण दाबलं आणि तोवर कधी पाहिलं नव्हतं इतकं मोकळं हसले. “आमच्याही मापाचं तयार झालंय म्हणे.” कोण म्हणतं, हे मी विचारेपर्यंत दार मिटलं. मी जिन्याने धावत खाली गेले. सतरा मजले, अर्ध्या इंचाच्या बुचावर. वॉचमन म्हणाला, लिफ्टमधून कुणी उतरलं नाही. रिकामीच आली.

या गोष्टीला आज बारा दिवस झाले. ते आले नाहीत. फोन लागत नाही. मी रोज त्यांच्या दोन खोल्या झाडते आणि दार ओढून घेते. मला भीती वाटायला हवी, तशी वाटत नाही, आणि याचीच मला थोडी भीती वाटते. बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार.

तुमची भाची,
पाचर

ता. क. उत्तर लाँड्रीच्या पत्त्यावर नको. ती खोली आणि राहायची भाड्याची खोली, दोन्ही मी कालच सोडल्या. पाकिटामागे नवा पत्ता आहे. पोस्टमनला सतराव्या मजल्यापर्यंत यायचा कंटाळा येतो, पण दाराखालून सरकवायला कुणाची ना नाही.

ता. क. २ आधी लिहिलं की फोनवर सांगण्यासारखं नाही, ते खोटं आहे. मला तुमच्या तोंडून उत्तर ऐकायचं नव्हतं, म्हणून पत्र लिहिलं. मामा, ती मापं तुम्ही दिलीत का? कुणाला बोलता बोलता, भाचीसाठी चांगली जागा बघा असं म्हणता म्हणता, माझ्यावरच्या मायेने? दिली असतील तर उलट टपाली कळवा. मी आठ दिवस तुमच्यावर रागावेन, आणि मग निवांत झोपेन.

दिली नसतील, तर कृपा करून काहीच कळवू नका. पत्र वाटेत हरवलं, असं मी समजेन.