घर नंबर सतरा, तीन प्रतींत

१ जानेवारी १९४९, सकाळी ६.१०
नवं वर्ष, नवी डायरी. संकल्प तीन. रोज डायरी लिहिणे. चहा दिवसाला दोनच कप. आणि मे महिन्यात आमच्या साताऱ्याच्या सैनिक वसाहतीच्या पंचकमिटीचा चेअरमन होणे.
छत्तीस घरांत इंग्रजी ड्राफ्टिंग येणारा इसम मी एकटा. हवालदार क्लार्क लालासाहेब, सप्लाय डेपो, झाशी, सहा वर्षं. बाकीचे नुसतेच लढून आले.
सध्या तिसरा कप चालू आहे. पण आज थंडी आहे.

४ जानेवारी
पंचकमिटीचे नियम लिहिले, तीन प्रतींत. नियम सात: ज्याच्या नावावर घर नाही त्याला उभं राहता येणार नाही आणि मतही देता येणार नाही. हा नियम निव्वळ तत्त्वाचा. शेजारच्या जोतीरामला चेअरमन व्हायचंय आणि त्याचं घर अजून वडिलांच्या नावावर आहे, हा योगायोग. जोतीराम ब्रह्मदेशात होता, मेडल मिळवलंय. मेडलने ड्राफ्टिंग होत नाही.
सभेत नियम पास. जोतीराम म्हणाला, "लय झ्याक लिवलंयस गड्या." बिचाऱ्याला कळलंच नाही.

१० जानेवारी
आज दोन तरुणांना माझं तत्त्व समजावून सांगितलं: कागदावर जे नाही, ते नाहीच. झाशीला एका आचाऱ्याचं नाव रेशनच्या यादीत चढायचं राहिलं होतं. त्यानेच शिजवलेलं जेवण मी त्याला तीन दिवस मिळू दिलं नाही. चौथ्या दिवशी नाव चढलं, मग दिलं. याला शिस्त म्हणतात. तरुण उठून गेले. विचार करत असावेत.

१९ जानेवारी
सांगलीहून बातमी! विश्रामबागेत सरकार बेघर माजी सैनिकांना प्लॉट देणार आहे.
अडचण एकच, मी बेघर नाही. पण पुरता घरवालाही नाही. सत्तेचाळीस साली सरकारने हे घर दिलं ते माझ्या आणि सौ. शालूच्या जोडनावाने. घरं वाटणारे साहेब म्हणाले होते, लढाईच्या काळात घरं बायकांनीच चालवली. साहेब जरा हळवे होते.
दहा मिनिटांत प्लॅन तयार. माझा निम्मा हिस्सा शालूला बक्षीस द्यायचा. मी कागदावर बेघर. सांगलीचा प्लॉट मला. मग शालूने साताऱ्याचं अख्खं घर मला परत लिहून द्यायचं. सातारा माझं, सांगलीही माझी. मधल्या मधे जोडनावही गेलं.
कधीकधी माझ्या डोक्याची मलाच भीती वाटते.

२१ जानेवारी
शालूला पटवायला दोन पानांचं भाषण तयार केलं होतं. ती भाकऱ्या थापत होती. निम्म्या पानावर म्हणाली, "बरं." दीड पान वाया गेलं.
तिने एकच विचारलं, "लिवून देणार म्हंजे पक्कं?" मी म्हणालो, पक्कं म्हणजे काय, रजिस्टर! परत लिहून देण्याचा भाग मी सध्या वगळला. बायकांना एका वेळी एकच गोष्ट सांगावी.

२८ जानेवारी
कचेरीबाहेरच्या आप्पासो बाँड रायटरकडून कागद केले. सरकारी हाऊसिंगच्या नाव-बदलाच्या फॉर्मच्या मागे बारीक इंग्रजीत नियम छापलेले. आप्पासो म्हणाला, "आवं, मागलं वाचा की." मी म्हणालो, सहा वर्षं असले फॉर्म मी वाटलेत. मागची बाजू सिव्हिलियनांसाठी असते.
शालूच्या अंगठ्यासाठी शाईचं पॅड घरून नेलं होतं. तिने पदर सावरला आणि टाक उचलून पूर्ण नावाची सही केली, तीनही प्रतींवर. विचारलं, हे कधी शिकलीस? "तुमी झाशीला व्हतासा तवा."
म्हणजे ती पत्रं तिनेच लिहिलेली. ती जोतीरामचे वडील लिहून देतात असं समजून, त्यांचं अक्षर काय सुंदर, असं मी डेपोत सगळ्यांना सांगत असे; हेही तिला सांगितलं.

९ फेब्रुवारी, सांगली
हाऊसिंगच्या ऑफिसात जयपाल नावाचे क्लार्क. जैन, सज्जन माणूस. दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचायचं म्हणून घाईत होते. मला कुठेही घर नाही, असं प्रतिज्ञापत्र मी दिलं. त्यांनी विचारलं, मग राहता कुठे? मी म्हणालो, पत्नीकडे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. छाप पडली.

२ मार्च
शालूला आता प्लॅनचा उरलेला भाग सांगितला. परत लिहून देण्याचा मसुदाही दाखवला. तिने तो बोट फिरवत वाचला. म्हणाली, पाडव्यापर्यंत घर हातातनं सोडू नये. मी म्हणालो, अंधश्रद्धा आहे. पण महिनाभर थांबायला हरकत नाही. इलेक्शन मे महिन्यात.

३० मार्च, पाडवा
गुढी शालूने उभारली. दरवर्षी मी उभारतो. पण खांदा दुखत होता. म्हणजे नंतर दुखला.
पुढच्या सोप्यातलं माझं टेबल मागे, चुलीजवळ गेलंय. सोप्यात तिने वसाहतीतल्या बायकांचा वाचायला शिकण्याचा वर्ग काढलाय. अकरा बायका. परवानगी मागितली नव्हती, तरी मी दिली.
कागदाचं विचारलं. म्हणाली, "वर्ग जरा मार्गी लागू दे." टेबलावर धूर फार येतो.

१२ एप्रिल
जयपाल तपासणीला आले! शालूला आधीच पढवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर मला पाहुणा म्हणायचं. तिने शब्द पाळला. म्हणाली, "हे पाव्हणं हायेत. सत्तेचाळीस सालापासनं."
जयपालांनी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. कोट कुणाचा? "पाव्हण्यांचा." दाढीचा ब्रश? "त्यो बी पाव्हण्यांचाच." अकरा बायका पाट्या तोंडाला लावून हसत होत्या. जयपालांनी सगळं लिहून घेतलं. तपासणी अत्यंत समाधानकारक.

२६ एप्रिल
सांगलीचं पत्र आलं. एका ओळीचं. पती-पत्नी हे एकच कुटुंब धरले जाते, सबब अर्ज नामंजूर. मी तीन प्रती पाठवल्या होत्या. निदान तीन ओळी तरी लिहायच्या.
हरकत नाही. सांगलीची हवा मला मानवतच नाही. साताऱ्याचं घर आहेच. शालू सही नंतर करील, आधी कागद पक्का करावा म्हणून मसुदा घेऊन तडक आप्पासोकडे गेलो.
आप्पासोने आमच्या जुन्या फॉर्मची प्रत काढली, उलटी केली आणि बोट ठेवलं. नियम नऊ: एकदा नाव बदलल्यावर पाच वर्षं पुन्हा बदलता येणार नाही. "म्हनलं व्हतं न्हवं, मागलं वाचा," एवढंच म्हणाला. हा नियम कुणा सिव्हिलियनाने लिहिलाय हे उघड आहे.

२७ एप्रिल
शालूला सांगितलं, दोघं मिळून साहेबांकडे जाऊ, चुकून झालं म्हणून रदबदली करू. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी गेलासा तवा मी सा वर्सं वाट बगितली. तुमी पाच बगा."
मी म्हणालो, ते युद्ध होतं. ती म्हणाली, "झाशीत कसलं युद्ध?"
मी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग तीच बोलली. म्हणाली, सहा वर्षं प्रत्येक पत्रात तुम्ही एकच ओळ लिहायचा, घर सांभाळ. कशी आहेस, हे एकदा बी न्हाई.
वाईट वाटलं. ट्रंकेतली जुनी पत्रं काढून पाहिली. तिची आहेत चौऱ्याऐंशी. माझी तिच्याकडे आहेत. बघायला मागितली नाहीत.

८ मे
इलेक्शन. वडाखाली सगळी वसाहत. जोतीरामने नाव दिलं. मी उठून नियम सात वाचला. तो हसत खाली बसला. मग मी नाव दिलं.
घर शालूच्या नावावर झाल्याचा कागद सगळ्या वसाहतीला ठाऊक होता, हे मला तिथे कळलं. जोतीराम म्हणाला, "त्यो सातवा परत वाच की रं, लय झ्याक हाय." वाचला. आवाज सुरुवातीला चांगला लागला होता.
मग जोतीरामनेच घर नंबर सतराच्या मालक शालूबाई यांचं नाव सुचवलं. एकमताने निवड. हात मीही वर केला होता. मोजणाऱ्याने तो वगळला. नियमाप्रमाणे बरोबर आहे.

९ मे, दुपारी
चेअरमनबाईंचा पहिला हुकूम: छत्तीस घरांची यादी, तीन प्रतींत. काम माझ्याकडे, कारण अक्षर. जोतीरामच्या वडिलांइतकं सुंदर नसलं तरी चालेल, असं त्या म्हणाल्या.
यादीचा नमुना माझाच. रकाने तीन: घर नंबर, मालक, इतर माणसे. इतरांची नावं लिहायची नसतात, फक्त आकडा. चुलीजवळ बसून सोळा घरं लिहिली. मग नंबर सतरा. मालक, शालूबाई. इतर माणसे, १. तीनही प्रतींवर तेच लिहिलं. चुकून एखादीत वेगळं होईल, असं उगीच वाटत होतं.
शालूने आतून हाक मारली, "आवं, जेवाय या." ताटं दोन मांडली होती. यादीत नाव नसताना मला वाढलं, वर तूपही घातलं.
जेवताना झाशीच्या त्या आचाऱ्याची आठवण झाली. तीन दिवस तो दाराशी उभा असायचा. त्याचं नाव शेवटी यादीत मीच लिहिलं होतं. खूप आठवून पाहिलं, आठवलं नाही.