दोन किलो, दोन सेंटीमीटर

१४ मे, बुधवार

पोट आत ओढलं, श्वास कोंडला, छताकडे पाहिलं – सगळं फुकट! आरोग्य तपासणीच्या गाडीतली बाई टेप धरून शांतपणे म्हणाली, "सोडा श्वास. मी थांबते." सोडला. सत्त्याण्णव सेंटीमीटर. पुरुषाला हद्द पंच्याऐंशीची. वजन साडेशहाऐंशी किलो.

गोदामात माझ्याबरोबर काम करणारा ताकिगुची वाटच बघत होता. "पोट आहे की भाताचं पिंप रे, इसोबे?" सगळे हसले. मीही हसलो. न हसून करतो काय! दरवर्षी अख्ख्या देशाची पोटं मोजायची हे ज्याने ठरवलं, त्याचं पोट कुणी मोजलं का?

३ जून, मंगळवार

आरोग्य केंद्रात बोलावलं होतं. कुसाकाबाई म्हणून आहेत, पंचविशीच्या असतील. दर दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला फोन करणार. "दोन किलो आणि दोन सेंटीमीटर कमी करा, की माझी कटकट संपली!" चाला. दोन घास कमी जेवा. भात लहान वाडग्यात घ्या. जाहिरातीतल्या गोळ्या-इंजेक्शनांच्या नादी लागू नका. रक्तातली साखर काठावर आहे म्हणून डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीचं एक पाकीट दिलं. फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावून ठेवलंय. जाईन.

लहान वाडगा म्हणजे फुसाएचा, माझ्या बायकोचा. गोदामात दिवसाला हजार वाडगे हाताखालून जातात, घरात दोनच. चार वर्षांनी तिचा बाहेर काढला. धुतला. भात कमी मावतो खरा.

१७ जून

फोन आला! बरोबर साडेसहा. मी सहापासून शेजारी बसून होतो.

सकाळी काय खाल्लंत, सूपमध्ये काय होतं, जेवायला बरोबर कोण होतं. "कोणी नाही," म्हणालो. तर म्हणाल्या, "मग टोफू सगळा तुमचाच की!" मी मोठ्याने हसलो. घरात माझाच आवाज मला परका वाटला. अकरा मिनिटं बोललो. मी काय जेवलो हे फुसाए गेल्यापासून कुणीही विचारलेलं नव्हतं.

२९ जून

८४.६! रोज नदीपर्यंत चालतोय त्याचं फळ. टेप लावली – पंच्याण्णव. श्वास सोडून! आणखी शंभर ग्रॅम, की जिंकलो. आनंदाने चहा टाकायला उठलो.

आणि तसाच उभा राहिलो. शंभर ग्रॅम गेले की फोन बंद.

१ जुलै

"शहाऐंशी पूर्णांक चार," म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"हरकत नाही हो, इसोबेसान. सावकाश. आपण परत पहिल्यापासून बघू." सोळा मिनिटं!

८ जुलै

खोटं बोलल्यापासून चैन नाही. म्हणून खायला लागलो. वजन खरंच वाढलं की खोटं उरणारच नाही! तळलेल्या डुकराच्या मांसाचा भात, मोठी थाळी. गोड पाव. येताना रस्त्यावरच्या यंत्रातून गार मेलन सोडा. चालणं बंद.

१५ जुलै

"साडेशहाऐंशी." काट्यावर ८३.८ होते. उकाडा फार आहे, त्यानेच असेल.

२४ जुलै

८२.१. काट्याचे सेल बदलले. तेच. एवढं खातोय ते जातं कुठे?

तहान भागत नाही. दीड लिटरचा सोडा दुपारपर्यंत संपतो, मग दुसरा. रात्रीतून चारदा उठतो. ताकिगुची म्हणतो, "चोरून इंजेक्शनं घेतोस ना? माझ्या मेहुण्याने घेतली, दोन दिवस ओकत होता." नाही, म्हटलं. "मग प्रेमात पडला असशील!" त्याच्यावर खेकसलो. उगाच.

२९ जुलै

"शहाऐंशी," म्हणालो. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज. मग हळूच, "इसोबेसान, माझंच काही चुकतंय का? माझं हे पहिलंच वर्ष आहे. तुम्ही एवढे मनापासून सांगता, आणि मला तुमचा एक किलोसुद्धा उतरवता येत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पोरीला रडकुंडीला आणलं मी. आणि तरी पुढच्या मंगळवारांचाच हिशेब मनात. लाज वाटते.

६ ऑगस्ट

पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. हे दुसरं. वाडग्यांचं खोकं उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ताकिगुचीने धरलं. टोमणा मारला नाही. "घरी जा रे बाबा," एवढंच म्हणाला. त्याचीच जास्त भीती वाटली.

१० ऑगस्ट

दिवसभर पडून. सोडा गोडमिट्ट लागतो, तरी पितो. मंगळवारी खरं सांगून टाकणार. फोन बंद झाले तर झाले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं. ७८.१. पहिल्यापासूनचं सगळं खोटंही सांगितलं, आणि का तेही. वाटलं, रागावतील, नाहीतर अभिनंदन करून मोकळ्या होतील. दोन्ही नाही. "इसोबेसान, तहान फार लागते का? कधीपासून? ते पाकीट डॉक्टरांना दिलंत?" फ्रिजवरच आहे, म्हणालो.

आता दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला माझा पत्ता सांगतायत, रक्तातली साखर फार चढलेली दिसते म्हणतायत. ऐकू येतंय. मला दार उघडून बसायला सांगितलंय. बसलोय. माझंच अक्षर मला लागत नाही.

फोन ठेवू नका, म्हणाल्या. काहीही झालं तरी ठेवू नका.